आत्याबाई, दूध मी तोडलं नाही

आत्याबाई, काल तुमचा दहावा झाला. तुमची बहीण मारुंजीला परत गेली. भावकीतल्या बायका आपापल्या घरी गेल्या. जाता जाता प्रत्येकीने मला सांगितलं की तुझी सासू सासू नव्हती, माउली होती. मी मान हलवली. सुतकाच्या घरात दारात उभं राहून कुणाशी वाद घालणार?

पण तुमच्याशी मला खोटं बोलायचं नाही. तुम्ही होतात तोवर माझं बोलणं नेहमी अर्ध्यावर तुटलं. मी तोंड उघडलं की तुम्ही उठून गोठ्यात जायच्या, नाहीतर मला पाण्याला पिटाळायच्या. आता तुम्हाला उठून जाता येत नाही. तेव्हा सगळं ऐका.

तुमचं माझं भांडण कशावरून होतं ते सगळ्या रिहे गावाला ठाऊक आहे. माझी ठकी चालायला लागली, बोलायला लागली, तरी अंगावर पीत राहिली आणि मी तिला पाजत राहिले. तुम्ही म्हणायच्या, दूध तोड. मी तोडलं नाही. बाकी सारवण, मीठ, शेणी यांवरून आपण जे बोललो ते कुठल्याही सासूसुनेत होतं, त्याचं मला काही नाही.

ठकी झाली तेव्हा तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत वाकून पाहिलंत, बरं बरं म्हणालात आणि चूल फुंकायला गेलात. मला वाईट वाटलं नाही. माझ्या आईनेही माझ्या वेळी तेवढंच केलं असणार. पहिलं वर्षभर तुम्ही काही बोलला नाहीत. पोर पिते ते ठीक, ती माणसात येईपर्यंत पाजलंच पाहिजे, असं तुम्हीच शेजारणीला सांगितल्याचं मी ऐकलं होतं. मग ठकी उंबरा ओलांडायला लागली आणि तुमचा सूर बदलला.

आवणीचे दिवस आठवतात ना? गुडघाभर चिखलात वाकून आपण रोपं लावायचो, पाठीवर इरलं, आणि ठकी बांधावर बसलेली. तिला भूक लागली की ती हाक मारत नसे. सरळ खाचरात उतरायची, पडायची, उठायची आणि चिखलाचा गोळा होऊन माझ्यापर्यंत यायची. माझे हात भरलेले असत, म्हणून चोळीची गाठ तीच सोडायची. धड बोलता येत नव्हतं तेव्हापासून तिला ती गाठ सोडता यायची. मी बांधावर टेकायची आणि इरलं दोघींवर ओढून घ्यायची. पानांवर पावसाची सर वाजत असायची आणि आत तिच्या घोटांचा आवाज. तेवढा वेळ माझी कंबर सरळ व्हायची. तिच्याइतकाच तो विसावा मलाही लागायचा, आणि तुम्हाला नेमकं तेच खुपायचं. पलीकडच्या खाचरातून तुम्ही बायकांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, की पोरीचं निमित्त बरं सापडलंय बसायला.

घरीही तेच. मी उखळात भात कांडत असले की ती पायाला मिठी मारून ‘दुदू, दुदू’ करायची. भाकरी थापत असले की मागून पाठीवर लोंबायची. एका बाजूचं पिऊन झालं की तोंड पुसून, पाहुण्यांसमोरसुद्धा, दुसरीकडचं मागायची. दात आल्यावर चावली. मी कळवळले, तिचं नाक चिमटीत धरलं, तिने सोडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून तीच रडली. मला तिचा कंटाळा येत नव्हता असं नाही. कधी कधी वाटायचं, माझं अंग कुणीतरी घटकाभर माझं मला द्यावं. त्या दिवसांत तुम्ही तिला कडेवर घेऊन ओढ्यापर्यंत नेली असती, तरी मी तुमचे उपकार मानले असते. तुम्ही तिला कडेवर घेतलं नाहीत. एके दिवशी मी न्हाऊन आले तर तुमच्या हातात कडुनिंबाच्या वाटलेल्या पाल्याची वाटी होती.

तुम्ही म्हणालात, “अंगावर पोर पितंय तवर कूस उजवत न्हाई. माझ्या थोरल्याला पोरगा नगं का?”

तुमच्या थोरल्याला, माझ्या नवऱ्याला, विचारायला मी त्याच्याकडे पाहिलं. तो बैलाच्या शिंगाला तेल लावत होता, तसाच लावत राहिला. मग मी तुमच्याकडून पाला लावून घेतला. ठकी आली, तिने गाठ सोडली, तोंड लावलं आणि थू करून मागं सरली. तुम्ही हसलात. तिने माझ्या पदराचं टोक घेतलं, नीट पुसून काढलं आणि परत प्यायला लागली. थोडं कडू लागत असणार. तोंड वाकडं करत करत प्याली, पण प्याली. तुम्ही वाटी आपटून गेलात आणि संध्याकाळी जेवला नाहीत.

मग हौसा गेली. माझी धाकटी जाऊ, तुमची लाडकी सून, आणि खरं तर सगळ्यांचीच लाडकी. तिला मुलगा झाला आणि आठवड्याच्या आतच बाळंतज्वरात ती गेली. तिला नदीवर नेली तेव्हा बाळ सुपात पडून किंचाळत होतं. बायकांनी शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजून पाहिलं, ते नाकातून यायला लागलं. माझा पदर त्या आवाजानेच भिजला होता. मी उठून त्याला घेणार, तेवढ्यात तुम्हीच त्याला उचललंत, माझ्या मांडीवर ठेवलंत, आणि त्याने तोंड लावल्याबरोबर तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. तुमचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. तेवढ्यापुरती, आत्याबाई, मी तुमच्यासाठी रडले. हौसासाठी आणि तुमच्यासाठी.

पोराचं नाव दगडू ठेवलं, देवाची नजर जाऊ नये म्हणून. आणि बाराव्याच्या आतच तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की आता ठकीला लावायचं नाही. दूध एवढंसं, पिणारे दोन, ते पोराचं पोटभर झालं पाहिजे. ठकीला भाकरी आहे, पेज आहे.

मी सांगून पाहिलं की दोघं पितात तर दूध दोघांपुरतं येतं, आटत नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. ठकीला तुमच्या अंथरुणात घेऊन निजायला लागलात. ती रडून रडून निजायची, आणि मी या कुशीवर दगडूला घेऊन तिचं रडणं ऐकत पडायची.

त्याच दिवसांत माझ्या ताटात तूप आलं. अळिवाची खीर आली, डिंकाचे लाडू आले, कुठून आणलंत कोण जाणे, खोबरं आलं. ठकीच्या बाळंतपणात मला नाचणीच्या आंबिलीवर ठेवलं होतंत. गावातल्या बायका म्हणाल्या, बघा, सुनेचं किती करते. ते तूप माझ्या ताटात नव्हतं, आत्याबाई. ते नातवाच्या तोंडात होतं. मी फक्त मधलं भांडं. तरी मी ते खाल्लं, बोटं चाटून खाल्लं, आणि दगडू बाळसं धरायला लागला. आणि एक गोष्ट तुम्हाला कधी विचारता आली नाही. दगडू पीत होता तेव्हा माझी कूस उजवायची आठवण तुम्हाला एकदाही कशी झाली नाही?

दगडूचं तोंड एवढंसं. तो कितीसं ओढणार? ठकीला तोडल्यावर दूध साकळलं, डावा ऊर दगडासारखा झाला आणि मला ताप भरला. हे मात्र मी विसरणार नाही की त्या वेळी तुम्ही माझ्याजवळून हलला नाहीत. एरंडाची पानं तव्यावर गरम करून, आधी आपल्या गालाला लावून बघून, मग माझ्या उरावर ठेवत होतात. कोंड्याच्या पुरचुंडीने शेकत होतात. तुमचे हात इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. गाठ तरीही फुटेना. तेव्हा तुम्ही उठलात, अंगणातून ठकीला उचलून आणलंत आणि स्वतःच्या हाताने तिला माझ्या उरावर लावलंत. ठकीने आधी तुमच्याकडे पाहिलं, की हे चालतं का. मग ती जी ओढायला लागली, ती थांबेचना. मला दुखण्याने घाम फुटला, आणि हळूहळू गाठ मऊ पडली.

ठकी पीत होती आणि तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होतात. मग आपणहून बोललात. म्हणालात, तुमची पहिली मुलगीच होती. तीही अशीच मोठी होईपर्यंत प्यायची. तुमच्या सासूने बिब्बा लावून तिचं दूध तोडलं, तिला पेज पचली नाही, खंगत गेली आणि त्या पावसाळ्यात गेली.

मला वाटलं, सुटले. आता तुम्हाला सगळं कळलंय, आता माझ्या ठकीला कुणी तोडणार नाही. मी तुमचा हात धरला. तुम्ही तो सोडवून घेतलात आणि म्हणालात, “म्हणून तर सांगते तुला. ती गेली आन् वर्साच्या आत थोरला झाला. सासूचं बरोबर व्हतं.”

त्या वेळी ठकी माझ्या अंगावर झोपून गेली होती. मी तिला तुमच्या बाजूकडून उचलून दुसऱ्या कुशीला घेतलं. त्यानंतर तुमच्या हातचा शेकही मला नकोसा झाला. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण होती आणि या घरात तिचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. मी तुम्हाला तिचं नाव विचारायला हवं होतं. तुम्ही सांगितलं असतंत का, कोण जाणे. आता सांगणारं कुणी उरलं नाही.

ऊर बरा झाला आणि तुम्ही पुन्हा पहिल्यावर आलात. मध्ये उन्हाळ्यात तुमचे डोळे आले, लालभडक, पापण्या चिकटलेल्या. तेव्हा वाटी घेऊन माझ्याकडे आलात की डोळ्यांत घालायला अंगावरचं दूध दे. मी दिलं. रोज दिलं, तुमचे डोळे निवळेपर्यंत. ठकी शेजारी उभी राहून बघायची आणि विचारायची, आजी पण पिते? तुम्हाला हसू आलं नाही. मला आलं.

आणि डोळे निवळल्यावर तुम्ही त्या डोळ्यांनी वाट काढलीत. बहिणीच्या नातवाचं जावळ आहे, ठकीला दाखवून आणते म्हणून तिला गाडीत घालून मारुंजीला नेलंत. गाडी परत आली तेव्हा तुम्ही एकट्याच उतरलात. पोर तिकडे रमलीय म्हणालात. थोडे दिवस राहिली की दूध विसरेल.

मी तुमच्यावर ओरडले. हो, ओरडले. तुम्ही शांतपणे पाय धुतलेत आणि म्हणालात, “हितं ऱ्हायचं तर माझं ऐकून ऱ्हा. न्हाईतर जा माहेरी.”

माझं माहेर कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं घर, खळं, आंब्याची झाडं सगळं त्याच्याखाली गेलं. आईवडील चुलत्याच्या पडवीत दिवस काढत होते. ती बातमी आली तेव्हा याच ओसरीवर माझ्या पाठीवर हात ठेवून तुम्ही म्हणाला होतात की हेच आता तुझं माहेर. तुम्ही माझ्याशी पुष्कळ वाईट बोललात, आत्याबाई. बाकी सगळं मी सोडून देईन. हे सोडणार नाही.

तुमच्या लेकाला म्हटलं, गाडी जुंपा. तो म्हणाला, आईला विचार. मी विचारलं नाही. दगडूला पाठीशी बांधला आणि उजाडताना चालत निघाले. वाटेत दोनदा बसून त्याला पाजलं. एका बाजूने तो प्यायचा, आणि दुसरी बाजू ठकीच्या नावाने गळायची.

मारुंजीला पोहोचले तेव्हा ठकी अंगणात जोत्यावर बसली होती. गाल बसले होते. तुमची बहीण म्हणाली, दूधभाकरी कुस्करून दिली, भात दिला, काही पोटात ठरत नाही, सारखी हगवण लागलीय. ती बाई वाईट नाही, तिने आपल्या परीने केलं. मी ठकीला हाक मारली. ती आली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आजवर कुणी माझं इतकं काळीज कापलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. मी तिच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळाने तिने हात पुढे केला आणि तिकडेच बघत चोळीची गाठ चाचपायला लागली. बोटांत जोर नव्हता, गाठ सुटेना. मीच सोडली.

तिथे राहून मी तिला पाजून पाजून उभी केली. पहिले दिवस तिच्या पोटात दुधाशिवाय काही ठरलं नाही. तुमच्या बहिणीच्या देखत ती माझ्या दुधावर जगली. तिच्या बोटांत जोर आला, ती बोलायला लागली, मग शेळीच्या मागे पळायला, तेव्हा मी परत आले.

तुम्ही ठकीकडे बघितलं नाहीत. दगडूला माझ्या पाठीवरून घेतलंत, तो बारीक झालाय म्हणालात आणि आत गेलात. त्या दिवसापासून माझं तूप बंद. ते बंद केल्याने दगडूचंच दूध कमी होईल हेही तुम्हाला दिसलं नाही, इतका तुमचा राग. घरात आपण दोघी एकमेकींशी ठकीच्या मार्फत बोलायचो. आजीला सांग पाणी तापलंय. आईला सांग ढोरं सुटली.

भाताची झोडणी उरकली आणि तुम्हाला हिवताप भरला. लोक म्हणतात मी तुमचं सगळं केलं. केलं. पेज भरवली, अंग पुसलं, लुगडी धुतली. त्यात माया किती होती आणि हट्ट किती, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही कधीतरी ठकीला जवळ बोलवाल म्हणून मी तिला मुद्दाम तुमच्या डोळ्यांसमोर खेळू द्यायची. शेवटच्या दुपारी तुम्ही मला खूण करून वाकायला लावलंत. मी कान जवळ नेला. तुम्ही विचारलंत, “पोरगं पाजलं का?”

मी म्हणाले, “दोघं बी पाजली, आत्याबाई.”

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग परत वळला नाहीत.

काल नदीवर पिंड ठेवले. कावळे समोरच्या उंबरावर बसून होते, खाली एकही उतरेना. आधी भावजी, दगडूचे वडील, पुढे झाले. दगडूवर सावत्र आई आणणार नाही म्हणाले. कावळा हलला नाही. तुमच्या लेकाने खाचरं वाटून घेणार नाही, चूल एकच ठेवू असं कबूल केलं. तरी नाही. ऊन वर आलं, पोरं भुकेली झाली, भटजी सारखे वर बघायला लागले. तेव्हा तुमची बहीण माझ्याजवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तिचा जीव कशात गुतलाय ते तुला ठावं हाय. म्हण, पोरीचं दूध आजपासून तोडलं. लगीच शिवंल बघ.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढंसं वाक्य होतं. म्हटलं असतं आणि घरी येऊन पाळलं नसतं, तर तुम्हाला कळायला तुम्ही नव्हतात. पण मेलेल्या माणसाला फसवायचं नसतं, आणि तुम्हाला तर नाहीच. मी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “आत्याबाई, दगडू माझ्या अंगावर हाय, तो आपणहून सोडंल तवाच सुटंल. त्येची काळजी करू नका. ठकीचं मी काय बी कबूल करत न्हाई.”

बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, मेलेल्याशी बी वैर. ठकी भुकेने रडायला लागली होती, तिला तुमच्या बहिणीने हाताला धरून मागे ओढून ठेवली होती. मी तिच्याकडे जाणार, तोच तुमचा थोरला पुढे आला. जन्मात आपल्या दोघींच्या मध्ये एक शब्द न बोललेला माणूस. त्याने मावशीच्या हातातून ठकीला सोडवून घेतलं, मला काठावरच्या खडकावर बसायला सांगितलं आणि तिला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याचं डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. सगळ्यांच्या देखत म्हणाला, “पाज तिला. आईचं आमी बघतो.”

मग त्याने भटजींना दर्भाचा कावळा करायला सांगितलं. त्यांनी तो वळला, पिंडाला लावला, आणि सगळ्यांनी रांगेने वाकून नमस्कार केला. मला उठता येत नव्हतं. ठकी अर्धवट झोपेत पीत होती, आणि तिला मध्येच तोडायची नव्हती. म्हणून मी बसल्या जागेवरून तुम्हाला नमस्कार केला, एका हाताने, दुसऱ्या हातात तिचं डोकं होतं. माझ्याकडून तेवढाच मिळेल, आत्याबाई. तो मनापासून केला आहे, तो घ्या.